पारोसा रुपया

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी शिरूरच्या एका पतसंस्थेत कॅशियर होते. रांजणगावात कारखाने उभे राहिले होते आणि पगाराच्या आठवड्यात आमच्या काउंटरपुढची रांग दाराबाहेर जायची. सगळ्यांना कोऱ्या नोटा हव्या असत, चिल्लर कुणालाच नको. भाजीवाल्या, टपरीवाले, देवळाचे विश्वस्त चिल्लरच्या पिशव्या घेऊन आत शिरले की माझ्या सहकाऱ्यांना नेमक्या तेव्हाच जुन्या फाइली आठवायच्या. पिशवी माझ्यापुढे रिकामी व्हायची. माझा स्वभाव तापट, त्यामुळे आधी मी नुसती धुमसायचे. मग हळूहळू त्या ढिगात कमळाचं पितळी वीस पैशांचं नाणं, कंगोऱ्याचे दहा पैसे, एखादा तांब्याचा ढब्बू पैसा असं काहीबाही दिसायला लागलं. मी पर्समधले सुटे पैसे गल्ल्यात टाकून ती नाणी बाजूला काढू लागले. 'मॅडमना चिल्लरचं व्यसन लागलं,' असं ऑफिसात म्हणायचे. ते खरंच होतं.

एके दिवशी एका नाण्यावरचं साल दिसेना म्हणून मी ते पदराने खसाखसा पुसत होते. इतक्यात काचेपलीकडून आवाज आला, "अहो बाई, पुसू नका! थांबा, थांबा!" मी दचकले. समोर एक म्हातारे गृहस्थ उभे होते, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि चेहरा असा की जणू मी कुणाचं तरी लेकरू आपटत होते. हे दौंडचे. रेल्वेत बुकिंग क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी शिरूरला दिलेली होती, तिच्याकडे आले की पतसंस्थेत एक चक्कर असायची. खिडकीत तिकिटं विकता विकता हातात येणारी जुनी नाणी त्यांनी आयुष्यभर जमवली होती. मी त्यांना आबा म्हणू लागले आणि ते मला कॅशियरबाई. आज माझ्याकडे नाण्यांची जी काही समज आहे ती सगळी त्या माणसाने दिली, आणि बदल्यात माझ्याकडून चहाशिवाय काही घेतलं नाही.

मग सुट्टीच्या शनिवारी मी दौंडला जाऊ लागले. स्टेशनापासून जवळच त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. मालगाडी गेली की कपबश्या वाजायच्या. आबा उत्तरेकडच्या खिडकीशी खुर्ची ओढायचे. ऊन अंगावर न येता उजेड मिळाला पाहिजे, असा त्यांचा नियम होता. नाणं कडेने धरायचं, नाण्याच्या तोंडावर अंगठा लावायचा नाही, आणि आधी भिंग न घेता नुसतं तिरकं फिरवून पाहायचं. इंग्रज राजाच्या मुकुटाची टोकं झिजलीत का, दाढीचे केस वेगळे दिसतात का, मागची फुलं सपाट झालीत का. त्यावरून दर्जा ठरायचा.

दर्जांची नावं ऐकून मला हसू यायचं. 'गुड' म्हणजे नाण्याची पार रया गेलेली. 'फाइन' म्हणजे बरं. 'व्हेरी फाइन' म्हणजे चांगलं, 'एक्स्ट्रा फाइन' म्हणजे फारच चांगलं, आणि सगळ्यांत वर 'अनसर्क्युलेटेड', म्हणजे टाकसाळीतून निघून बाजारात हातोहात न फिरलेलं. "आमच्या पतसंस्थेतल्या कर्जदारांना हीच पद्धत लावली पाहिजे," मी म्हणायचे, "सगळे गुड निघतील." परदेशात म्हणे नाण्याला सत्तरपैकी गुण देऊन प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करतात, मग त्या डबीवरचा आकडा बघून लोक डोळे झाकून पैसे मोजतात. पुण्याचा एक व्यापारी चांगली नाणी तशी पाठवतो आणि लिलावातही ठेवतो, हे आबांनीच सांगितलं.

किंमत सांगण्याआधी ते नेहमी मला विचारायचे, "तुम्ही किती द्याल?" मी काहीतरी आकडा फेकायचे. ते हसायचे. एकदा त्यांनी एकाच सालचे, एकाच टाकसाळीचे चांदीचे दोन रुपये माझ्यासमोर ठेवले. एक लखलखीत पांढरा, दुसरा काळपट, कडेला निळसर झाक असलेला. मी अर्थातच पांढरा उचलला. "तो घासलेला आहे," आबा म्हणाले. "चांदीच्या अंगावर पहिल्या दिवसाची जी झळाळी असते, ती एकदा गेली की गेली. काळं पडलं तर खाली ती असते. घासलं की खाली काहीच नाही." दोघांच्या किमतीत सायकल आणि मोटारसायकलीइतका फरक होता. त्या दिवसापासून मी नाणं पुसायचं सोडलं, आणि दुसऱ्या कुणी पुसताना दिसलं तर मीही आबांसारखीच ओरडायला लागले.

माझं सासर दौंड तालुक्यातल्या राहू गावचं. नवरा रांजणगावला कंपनीत, म्हणून आम्ही शिरूरला भाड्याने राहायचो. राहूला थोरले दीर, जाऊबाई आणि सासूबाई. सासूबाईंना आम्ही सुना आत्या म्हणायचो. सासरे गेल्यावर वर्षभरात दिरांनी घरची म्हैस विकून टाकली. वैरण, मजूर, काहीच परवडत नाही, उसाकडे बघायचं की जनावरांकडे, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. पण त्या म्हशीच्या दुधाचे पैसे आत्यांच्या हातात असायचे. लेकीला चोळी, नातवाला खाऊ, स्वतःची तपकीर, सगळं त्यातून. म्हैस गेली आणि आत्यांना प्रत्येक गोष्टीसाठी लेकापुढे हात पसरावा लागू लागला. दीर नाही म्हणत नसत. फक्त "कशाला पाहिजेत?" असं विचारत, आणि आत्यांना तेवढंच सोसत नसे. म्हणून त्यांना स्वतःची म्हैस हवी होती. आम्ही पैसे देऊ केले तर म्हणाल्या, "मग ती तुमची म्हस झाली. मला माझी पायजे."

एका सणाला आम्ही राहूला गेलो होतो. जाऊबाई शेतावर होत्या. आत्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं, दार लोटलं, आणि ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला. दाण्यांतून एक चिंधी वर आली. "तुला ती नाणी लई कळत्यात म्हणं," त्या म्हणाल्या. "हे बघ बरं, काय येतंय का ह्याचं."

चिंधी सोडली आणि मी बघतच राहिले. चांदीचा रुपया होता. देव्हाऱ्यातले रुपये मी पाहिले होते. दर लक्ष्मीपूजनाला चिंच आणि राखेने घासून घासून त्यांच्यावरच्या राजाला नाक उरलं नव्हतं, आबांच्या भाषेत ते सगळे गुड. हा मात्र कधी देव्हाऱ्यात गेलाच नव्हता. आत्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासूने सूनमुख बघताना तो हातावर ठेवला होता, आणि त्यांनी तो तेव्हापासून धान्यात लपवून ठेवला होता. बाईमाणसाचं स्वतःचं असं जे असतं ते. कडेला निळी-जांभळी झाक, मुकुटाचं टोकन्‌टोक जागेवर, आणि तिरका धरला की आतून गोल फिरणारा उजेड. साल तर मी दोनदा वाचलं. त्या सालचे रुपये फार कमी सापडतात, हे आबांकडे मी अनेकदा ऐकलं होतं.

"आत्या, हा आहे तसाच ठेवा," मी म्हणाले. "कुणाला दाखवू नका. मी एका जाणत्या माणसाला घेऊन येते."

आबांचे गुडघे दुखायचे, तरी ते आले. दौंडहून गाडीने केडगाव, तिथून वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने राहू. आत्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, त्यांना पाट दिला, गुळाचा चहा दिला. आबांनी दारातल्या उजेडात रुपया धरला. तिरका फिरवला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग चष्मा काढून डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "कॅशियरबाई, अनसर्क्युलेटेड. खिडकीत उभा जन्म गेला, पण ह्या सालचा असा रुपया माझ्या हातात आला नव्हता."

आत्यांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी मुद्द्याचं विचारलं. "म्हशीचं व्हईल का?"

"म्हशीचं होईल," आबा म्हणाले, "आणि वर तिच्या वर्षभराच्या वैरणीचं पण होईल."

आत्या हसल्या नाहीत. त्या उठून गोठ्याकडे गेल्या. गोठ्यात तेव्हा खतांच्या गोण्या ठेवल्या होत्या. मी मागून गेले तर त्या गोण्या कुठे सरकवता येतील ते बघत होत्या.

तो दिवस शुक्रवार होता आणि शुक्रवारी लक्ष्मी घराबाहेर देत नाहीत, म्हणून रुपया राहूलाच राहिला. आबांनी पुण्याच्या व्यापाऱ्याशी बोलणं केलं, त्याने घेऊन या म्हणून सांगितलं. पुढच्या पंधरवड्यात मी रजा काढली. ठरलं असं की मी राहूहून रुपया घ्यायचा, दौंडला आबांना घ्यायचं आणि दोघांनी पुण्याची गाडी धरायची. आदल्या संध्याकाळी मी दुकानातून नाण्याची मऊ पाकिटंसुद्धा आणून ठेवली. लग्नाच्या खरेदीला निघाल्यासारखी मला हुरहुर लागली होती.

मी राहूला पोचले तेव्हा आत्या माझीच वाट बघत होत्या. अंगावर धुवट नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकवाची चिरी. सासरे गेल्यापासून ती त्यांनी लावलेली मी पाहिली नव्हती. त्यांनी ताम्हन पुढे केलं. ताम्हनात नव्या खणाची घडी, घडीवर तांदूळ, तांदळावर हळदकुंकू लावलेला रुपया. आरशासारखा पांढरा.

"आत्या, हे काय केलंत?"

"तू म्हणालीस तसाच ठिवला व्हता की आजवर," त्या कौतुकाने म्हणाल्या. "हात न्हाई लावला. पर आज निघाली ना लक्षुमी. पारोशी कशी धाडू? चिंच लावून, राख लावून चांगली आंघोळ घातली. किती काळवंडली व्हती बिचारी!"

मला काय वाटलं ते सांगते. राग आला. इतका आला की तिथे उभी राहिले असते तर बोलू नये ते बोलले असते. पण त्यांचा चेहरा इतका आनंदात होता की माझी जीभच उचलेना. 'येते' म्हणाले, ताम्हनातला रुपया पाकिटात टाकला आणि निघाले. जीपमध्ये शेजारच्या बाईने विचारलंसुद्धा, "काय ओ ताई, कुणी गेलं का?"

आबांनी रुपया बघितला आणि भिंग खाली ठेवलं. भिंगाची गरजच नव्हती. चांदीवर राखेचे बारीक बारीक ओरखडे उमटले होते, सगळे एकाच दिशेने, अगदी मन लावून घासल्याचे. "पुण्याला जाण्यात अर्थ नाही," ते म्हणाले. "साल चांगलं आहे म्हणून कुणीतरी घेईल. पण दर्जा नाही मिळणार. 'घासलेलं' एवढा एकच शेरा मिळेल. म्हशीची शिंगंसुद्धा येणार नाहीत त्यात."

मला रडू आलं. आबा चहा ठेवायला उठले. चहा देताना म्हणाले, "त्यांना काही सांगू नका. विकला गेला म्हणा. रुपया मी घेतो. म्हशीचे पैसे मी देतो. माझी काही नाणी काढीन, तशीही मागे कुणाला त्यांची आवड नाही."

अजूनही ते वाक्य आठवलं की मला आपण फार भाग्यवान असल्यासारखं वाटतं. एका परक्या बाईच्या म्हशीसाठी तो माणूस आपलं जन्माचं जमवलेलं मोडायला तयार होता, आणि तेही साखर घालू का विचारावं इतक्या सहज. मी क्षणभर हो म्हणणारही होते. पण आत्यांना पुण्याचे पैसे म्हणून आबांचे पैसे द्यायचे, हे मला जमेना. त्यांनी आमचे घेतले नाहीत, मग फसवून आबांचे कसे द्यायचे? मी आबांच्या पाया पडले आणि आल्या वाटेने परत राहूला निघाले.

म्हशीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे जीव अडकून राहणार नाही. आत्यांनी भावकीतल्या एका घरातून पारडी अर्धलीने सांभाळायला आणली. म्हणजे पारडी त्या घरची, वाढवायची आत्यांनी, आणि ती व्याली की तिची किंमत करून दोघांत निम्मीनिम्मी वाटायची. दिरांनी गोण्या हलवल्या. कुरकुर केली, पण हलवल्या. काही वर्षांनी ती व्याली तेव्हा आत्यांनी अर्धी किंमत दुधावर फेडली आणि खरवसाचा डबा माझ्यासाठी शिरूरला पाठवला. डबा आणणाऱ्याला बजावून सांगितलं होतं म्हणे, "माझ्या म्हशीचा हाय, असं सांग."

पण त्या दिवशी यातलं काहीच नव्हतं. मी परतले तेव्हा दिवस कलला होता. आत्या ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या. मला त्याच दिवशी परत आलेलं बघून सूप खाली ठेवलं. मी रुपया त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि आडवळण न घेता सरळ सांगितलं. धुतल्यामुळे रुपयाची किंमत गेली, व्यापारी घेणार नाही, घेतला तरी फार काही येणार नाही.

त्यांनी हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "म्हंजी म्हस गेली."

"हो."

"धुतल्यामुळं?"

"हो."

त्यांनी सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला. डोळ्यांत पाणी आलं ते लपवलं नाही. त्यांना असं बघवेना आणि माझा सकाळचा रागही अजून गेला नव्हता, म्हणून मी जरा तोडूनच म्हणाले, "जशी कणगीत होती तशीच दिली असती तर काय बिघडलं असतं, आत्या?"

"मला तशीच दिली व्हती," त्या म्हणाल्या.

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्यांची आई त्या लहान असतानाच गेलेली. लग्न घाईत ठरलं. बापाला जबाबदारी उरकायची होती. हळद लावायला, डोकं धुवायला घरात बाई नव्हती, आणि शेजारणींना कुणी बोलावलं नाही. खुरपणीवरून उठवलं, हातपाय धुऊन लुगडं नेसवलं आणि बोहल्यावर उभं केलं. केसात माती तशीच. बैलगाडीतून राहूला उतरल्या तेव्हा दारात जमलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

"माझी सासू पुढं आली," आत्या म्हणाल्या. "सूनमुख बघायला आरसा घेऊन उभी व्हती. मला बघितलं आन् आरसा तिनं खाली ठिवला. सगळ्या बायांना म्हणाली, बसा जरा. आन् मला मागं परसात नेऊन पाणी तापवलं. आपल्या हातानं न्हाऊ घातलं. दोनदा केस धुतलं, त्याल लावलं, येणी घातली. मग भाईर आणून माझं तोंड बघितलं आन् ह्यो रुपया हातावर ठिवला. अन् तोच मी घरातनं पारोसा काढू व्हय?"

राग कुठे गेला ते मला कळलंही नाही. थोड्या वेळाने मीच विचारलं, "आणि धुतला तर म्हैस जाईल, हे आधी ठाऊक असतं तर?"

आत्यांनी सूप पुन्हा उचललं. खूप विचार केला. "तरी धुतलाच असता," त्या म्हणाल्या. "चिंच लावली नसती, एवढंच."

आम्ही दोघी हसलो. हसता हसता मी त्यांच्या गळ्यात पडले. लग्नानंतर इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच. त्यांच्या अंगाला ज्वारीच्या कोंड्याचा वास होता. रुपया त्यांनी माझ्या मुठीत दिला आणि मूठ आपल्या हाताने मिटवली. म्हणाल्या, "आता ह्याला कुणी मागणार न्हाई ना? मग तूच ठिव."

रात्री मी तिथेच राहिले. सकाळी मला पहिली गाडी धरायची होती, कामावर हजर व्हायचं होतं. जाग आली तेव्हा परसातल्या चुलीवर पाण्याचा हंडा तापत होता आणि आत्या वाटीत शिकेकाई कालवत बसल्या होत्या. गाडी चुकेल म्हणून मी तोंड उघडणार होते.

"चुकू दे," त्या म्हणाल्या, "बस खाली, डोकं धुते तुझं."